पक्षाघात नाही, लवंग आहे

सफवतसाहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणात पेपरमिंटच्या गोळ्यांची एक पिशवी होती आणि त्या पिशवीला लाखेचं सील होतं. हे ऐकून कुणी हसलं तर त्याला सफवतसाहेब माहीत नाहीत, एवढंच म्हणावं लागेल. कैरोत, शुब्राच्या नागरी नोंदणी कचेरीत, खिडकी क्रमांक चारवर एकवीस वर्षं बसलेला हा माणूस. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि मधल्या काळात माणसाचं जे काही होत असेल ते सगळं त्यांच्या हाताखालून जाई. एकवीस वर्षांत त्यांनी कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नव्हता. पण गेल्या सात-आठ वर्षांत लोकांना काय झालं होतं कोण जाणे. अर्ज देता देता माणसं खिडकीतून हळूच एक गोळी आत सरकवायची. कुणी च्युइंगगम, कुणी वेलदोडा. एका बाईने तर पुदिन्याची अख्खी जुडी ठेवली. सफवतसाहेब चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "उचला हे. मी त्यातला नाही." जे उचलत नसत त्यांची गोळी तारीख घालून पिशवीत जाई. उद्या वरिष्ठांनी विचारलं तर लाचेचा पुरावा नको? वरिष्ठांनी कधी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

रांगेतली माणसं खिडकीपासून हातभर लांब उभी राहत. तो आपला दरारा, असं साहेब धरून चालले होते.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. नशवा तिचं नाव. मुलगा हातिम, खान अल-खलीलीतल्या अत्तरवाल्यांचा. चार पिढ्यांचं दुकान, आणि घराण्याचं नाक असं की गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याने काल काय खाल्लं ते सांगावं. लग्नाचा करार मशिदीत व्हायचा होता. रीतीप्रमाणे मुलीचा बाप आणि जावई गुडघ्याला गुडघा लावून बसणार, उजव्या हातात उजवा हात, अंगठ्याला अंगठा, वर पांढरा रुमाल, आणि काझी सांगतील ते शब्द एकमेकांच्या तोंडावर म्हणणार. साहेब दोन महिने दाढी करताना आरशासमोर ते शब्द घोकत होते. आरशाने कधी तक्रार केली नाही.

मग एका संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, इन्शिराहबाईंनी, भाजी निवडता निवडता विषय काढला.

"मी काय म्हणते, रुमालाखाली हात शौकतभाऊजींनी दिला तर? आवाज कसा खणखणीत आहे त्यांचा."

"माझ्या आवाजाला काय धाड भरलीय?"

"तसं नाही हो. पण ते हज करून आलेत."

"बाप मी आहे. हजचा इथे काय संबंध?"

"नशवाचीच तशी इच्छा आहे," बाई म्हणाल्या, आणि निवडून झालेली भाजी त्यांनी परत निवडायला घेतली.

साहेबांना हे फार लागलं. शौकत हा त्यांचा थोरला भाऊ. लहानपणी त्याने पतंग घेतला, मग सायकल घेतली, वडील गेल्यावर त्यांचा लोकरीचा कोट घेतला. आता पोटच्या पोरीचा हातही तोच देणार? साहेबांनी घरात अबोला धरला. दोन दिवस कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत घरात कुणाला काही त्रास झाला नाही.

तिसऱ्या दिवशी खिडकीवर एक म्हातारी आली. लांबच्या खेड्यातली, नातवाच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा आलेली. साहेब तिला सांगत होते की आणखी एक कागद लागेल, त्यावर कचेरीचा गरुडाचा शिक्का लागेल, आणि शिक्का आधीच्या कागदावरच्या शिक्क्याला जुळायला लागेल.

"आणते रे लेकरा," म्हातारी डोक्यावरची ओढणी नाकाशी धरून म्हणाली. "पाचवा आणते, सहावा पण आणते. फक्त तू बोलू नकोस. मानेनं सांग."

"म्हणजे काय?"

"जीव घाबरा होतो माझा. आमचा म्हातारा असाच होता. गावात कुणी बोललं नाही, शेवटी मी तोंडावर सांगितलं. तुझ्या घरी सांगणारं माणूस नाही का कुणी?"

आणि तिने एक पेपरमिंटची गोळी खिडकीतून आत सरकवली.

साहेबांनी ती गोळी उचलली. मग खालचा खण उघडून त्यांनी पिशवी काढली. आठ वर्षांच्या तारखा. आठ वर्षांची माणसं. लाच कसली, ती बिचारी जीव वाचवत होती. त्या दुपारी सफवतसाहेबांनी स्वतःच्या हाताने सील फोडलं आणि एकामागून एक अकरा पुरावे खाल्ले.

आता उपाय शोधायला हवा होता, आणि तोही कुणाला न कळता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात साहेबांचा हातखंडा. तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम तेरेज या सगळ्या इमारतीच्या बिनफीच्या डॉक्टर. साहेबांनी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "कचेरीतल्या एका मित्राला जरा तोंडाचा त्रास आहे."

"मित्राला ना? पोट," मादाम म्हणाल्या. "सगळं पोटातून वर येतं. मित्राला सांगा, लसूण बंद. कांदा बंद. सकाळी उपाशीपोटी व्हिनेगरच्या गुळण्या."

"सांगतो."

"आणि मित्राला हेही सांगा, की जिन्यात माझ्याशी बोलताना तीन पायऱ्या खाली उभा राहत जा."

लसूण बंद. बोलायला सोपं आहे. शुब्रात लसणाशिवाय मुलूखियाची पातळ भाजी करणं म्हणजे वरातीत नवराच नाही. त्या भाजीवर लसणाची चुरचुरीत फोडणी घालताना घरच्या बाईने श्वास आत ओढून 'हाऽऽ' करायचं असतं, नाहीतर चव उतरत नाही, अशी आमच्याकडची पक्की समजूत. इन्शिराहबाईंनी त्या दिवशी फोडणीशिवाय भाजी केली आणि 'हाऽऽ'ही केलं नाही. समोर ताट ठेवून म्हणाल्या, "घ्या. उकडलेलं गवत आहे." साहेबांनी ते गिळलं. चार दिवस गिळलं. पाचव्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन त्यांनी हळूच खिडकीकडे पाहिलं, तर रांग होती तिथेच, हातभर लांब.

मग दरवान इद्रीसचाचा धावून आले. इद्रीसचाचांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण दरवानाला न विचारलेल्या गोष्टी आधी कळतात. "साहेब, तुमच्या त्या मित्राला म्हणावं, लवंग धर दाढेखाली. एक धरली तर तासभर, दोन धरल्या तर दोन तास."

साहेबांचं गणित पहिल्यापासून चांगलं. कचेरीची वेळ सहा तास. त्यांनी सहा लवंगा धरल्या आणि चांगल्या चावून बारीक केल्या.

साडेनऊच्या सुमाराला त्यांची जीभ गेली. म्हणजे होती जागेवर, पण कुणा दुसऱ्याची असावी तशी पडून होती. मग ओठ गेले. एका गिऱ्हाइकाला "उद्या या" हे आयुष्यभर पाठ असलेलं वाक्य सांगायला गेले, तर तोंडातून जे निघालं ते कुठल्याच भाषेत बसत नव्हतं, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळेची धार सुटली. शेजारच्या टेबलावरच्या मादाम कौसर उभ्या राहिल्या. त्यांचा मेहुणा याच पद्धतीने गेला होता.

"कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "डावी बाजू गेलीय."

साहेब जीव तोडून सांगायला लागले की काही झालेलं नाही, लवंग आहे. पण ते जितकं समजावत तितकी लोकांची खात्री पटत होती. त्यांनी हातवारे केले, तर कुणीतरी म्हणालं, "अरेरे, झटके पण येतायत." चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा खिडकी क्रमांक चार वेळेआधी बंद झाली, आणि रांगेतली माणसं, ज्यांना साहेबांनी आठवडेच्या आठवडे फिरवलं होतं, ती बाजूला होऊन त्यांच्यासाठी दुवा मागायला लागली. तेवढ्या गडबडीतही साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून मादाम कौसर म्हणाल्या, "डोळापण गेला."

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, मग "आ करा" म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. त्याने एक कागद लिहून दिला. साहेब घरी येईपर्यंत इमारतीच्या दाराशी शेजारी जमले होते. मादाम तेरेजनी तर काळी शालही बाहेर काढून ठेवली होती.

कागदावर असं लिहिलं होतं: 'पक्षाघात नाही, लवंग आहे. जुनाट मुखदुर्गंधीसाठी दंतविभागाकडे पाठवावे.'

आता इथे घोडं पेंड खात होतं. त्या दिवसाची रजा मंजूर व्हायला हा कागद कचेरीत द्यायला हवा, आणि दंतविभागात जायला त्याच कागदावर गरुडाचा शिक्का हवा. शिक्का कुठला? स्वतःच्याच कचेरीचा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद चार घड्या घालून शिक्क्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घडीवरच मारा." शिक्केवाला म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर नियम काढलात. मजकूर वाचल्याशिवाय शिक्का नाही." आणि त्याने वाचला. मोठ्याने वाचला, कारण नोंदवहीत दुसरा कारकून लिहून घेत होता. 'जुनाट' या शब्दावर तो जरा थांबलाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या न हसण्यावरून साहेबांना कळलं की यात नवीन कुणालाच काही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी तो कागद नशवासमोर टाकला.

"यासाठी काका हवेत का तुला?"

नशवाने वाचलं आणि कागदाची परत घडी घातली.

"लाज वाटते माझी, तर तसं सांग."

"लाज नाही वाटत बाबा," ती म्हणाली. "हातिमचं नाक तुम्हाला माहितीये. तो वाईट नाही, पण त्याच्या हातात नसतं ते. सगळ्या मशिदीसमोर तुम्ही त्याचा हात धरलाय आणि त्याने तुमच्या तोंडासमोर मान फिरवली, असं झालं तर? तुम्हाला ते कळलं असतं, आणि मग तुम्ही त्या घरी कधीच आला नसता. मी कुणाकडे बघायचं होतं मग?"

बोलायचं म्हणजे तोंड उघडायचं, म्हणून साहेबांनी आधी नुसतीच मान हलवली. मग तोंडावर हात धरून म्हणाले, "तीन आठवडे आहेत. बरं झालं तर मीच बसेन. नाही झालं तर शौकत."

"कबूल," नशवा म्हणाली.

दंतविभागाने कानानाकाकडे पाठवलं, कानानाकाने पोटाकडे, पोटाने परत दाताकडे. प्रत्येक ठिकाणी एक छापील कागद, आणि प्रत्येकावर प्रश्न: 'तक्रार केव्हापासून?' साहेबांनी प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मला माहीत नाही. इतरांना विचारावे.' पोटवाल्यांनी तर नळी घालून आतला फोटो काढला आणि सांगितलं की असं देखणं पोट त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी दाताची एक डॉक्टरीणबाई भेटली. नशवाएवढीच असेल. तिने मागे न सरकता तोंड तपासलं आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता, काका?"

"घरी गेल्यावर पितो."

"आणि कचेरीत?"

"कॉफी. दोन-तीन. पाणी नाही."

"का?"

कारण सांगायचं म्हणजे कचेरीची अब्रू, आणि त्याहून स्वतःची. पण तीन आठवड्यांतले दहा दिवस गेले होते. त्यांनी सांगून टाकलं. आठ वर्षांपूर्वी कचेरीच्या संडासातला पितळी नळ चोरीला गेला. तेव्हापासून त्याला कुलूप, आणि किल्ली मादाम कौसरच्या पर्समध्ये. किल्लीला पोळपाटाएवढी लाकडी फळी, म्हणजे कुणी खिशात घालून नेऊ नये. मागायला गेलं की मादाम भर कचेरीत विचारत, "परत? अकरालाच तर गेला होतात." एकदा त्यांनी साहेबांना लोकांसमोर असं विचारलं, आणि त्या दिवसापासून सफवतसाहेबांनी कचेरीच्या वेळेत पाणी सोडलं. आठ वर्षं. माणसाला काही मान असतो.

डॉक्टरीणबाई हसली नाही, हे तिचे उपकार. "काका, पोटाचा यात काही दोष नाही. बहुतेकांचं सगळं तोंडातच असतं. तोंड कोरडं पडलं की लाळ सुकते, आणि लाळ नसली की जिभेच्या मागच्या बाजूला जंतूंची जत्रा भरते. वर कॉफी. वर बोलणं. जीभ घासता का?"

"जिभेला काय घासायचं? ती काय दात आहे?"

"घासा. मागपर्यंत. हिरड्या मी साफ करून देते. आणि पाणी प्या. लवंग, व्हिनेगर, गोळ्या, सगळं बंद."

"लसूण?"

"लसूण खुशाल खा. लसणाने आठ वर्षं वास येत नाही."

हे ऐकून इन्शिराहबाईंनी त्या दिवशी मुलूखिया केली, आणि फोडणी घालताना असं दणदणीत 'हाऽऽ' केलं की खालून मादाम तेरेजनी "शाब्बास" म्हटलं.

राहिली किल्ली. साहेबांनी अर्ज केला. अर्जाचा विषय: 'दिवसातून चार वेळा किल्ली मिळण्याबाबत.' मादाम कौसरनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "चार वेळा? एवढं काय काम असतं?"

"मादाम," सफवतसाहेब म्हणाले, "आठ वर्षं मी पाणी प्यायलो नाही, कारण तुम्ही विचारता. आता विचारा. कितीही मोठ्याने विचारा. मी उत्तर देईन."

आणि ते सगळ्यांसमोर एक मोठा ग्लास पाणी गटागटा प्यायले. मग शिक्केवाला उठला आणि त्याने अर्जावर साहेबांच्या सहीखाली स्वतःची सही केली. मग नोंदवहीवाला. मग खिडकी दोन, तीन, सहा. सगळी कचेरीच आठ वर्षं तहानलेली होती. शेवटी मादाम कौसरनी स्वतः पेन घेतलं, कारण दुसऱ्यांना विचारत असल्यामुळे त्यांना स्वतःलाही कधी जाता आलं नव्हतं. आठवडाभरात रांगा खिडक्यांना चांगल्या टेकून उभ्या राहायला लागल्या. लोक वादही घालायला लागले. साहेबांना ते जरा जड गेलं.

लग्नाच्या दिवशी नशवा म्हणाली, "तुम्हीच बसा बाबा." पण वास घेऊन बघायची हिंमत तिलाही झाली नाही, आणि त्यांनाही म्हणता आलं नाही. हाजी शौकत वडिलांचा लोकरीचा कोट घालून भर उन्हाळ्यात बाजूलाच बसले होते, लागलं तर म्हणून.

काझी शेख फरगली दीड तास उशिरा आले. सकाळपासून त्यांचं हे चौथं लग्न. धापा टाकत ते साहेब आणि हातिम यांच्या मध्ये बसले, दोघांच्या हातांवर रुमाल घातला, स्वतःच्या छातीला अडकवलेला माईक ठाकठीक केला आणि दोघांच्या मध्ये वाकून उपदेश सुरू केला. संसार म्हणजे काय, सबुरी म्हणजे काय.

आणि साहेबांना वास आला.

असा वास त्यांना जन्मात आला नव्हता, पण वर्णनं ऐकलेली होती. म्हणजे काहीच बरं झालं नाही. समोर हातिमच्या नाकपुड्या थरथरत होत्या, डोळ्यांत पाणी तरळत होतं, पण पठ्ठ्याने मान फिरवली नव्हती. साहेबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"म्हणा माझ्यामागून," काझी म्हणाले.

शौकतनी घसा साफ केला आणि कोटाची बटणं लावली.

"म्हणा, सफवतसाहेब."

साहेबांना राहवेना. ते जावयाच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "बाळा, खरं सांग. वास येतोय?"

हातिम अत्तरवाल्यांचा मुलगा. वासाच्या बाबतीत खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही. "येतोय," तो तितक्याच हळू म्हणाला. "पण तुमचा नाही, काका."

हे सगळं काझींच्या छातीवरच्या माईकमधून मशिदीच्या चारही कोपऱ्यांत, बायकांच्या बाजूला आणि बाहेरच्या अंगणात स्वच्छ ऐकू गेलं. रुमालाभोवती माणसं तीन. दोन वजा केली की किती राहतात, हे सगळ्यांनाच कळत होतं.

शेख फरगलींचा चेहरा उतरला. त्यांनी सावकाश वही मिटली. शौकत उठून म्हणाले, "शेखसाहेब, माझ्या भावाचं मनावर घेऊ नका, त्याला मागे झटका येऊन गेलाय, मी बसतो त्याच्या जागी."

"खाली बस, दादा," साहेब म्हणाले. पन्नास वर्षांत ते भावाला असं पहिल्यांदाच म्हणाले होते. हातिमचा हात न सोडता त्यांनी डाव्या हाताने आपली पाण्याची बाटली उचलली आणि काझींपुढे धरली. "शेखसाहेब, सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"वेळ कुठे मिळाला," काझी खालच्या आवाजात म्हणाले.

"माझंही हेच होतं. आठ वर्षं. मलाही कुणी सांगितलं नाही. राग मानू नका, दोन घोट घ्या."

काझींनी बाटलीकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. "तरीच," ते म्हणाले, "नवरे इतक्या घाईने 'कबूल' म्हणून मोकळे होतात."

आधी अंगणात कुणीतरी हसलं, मग सगळी मशीद हसली, आणि शेवटी काझीही हसले. त्यांनी अर्धी बाटली संपवली, वही उघडली आणि म्हणाले, "म्हणा."

सफवतसाहेबांनी तोंड चांगलं मोठं उघडलं आणि आपली मुलगी नशवा हातिमला दिल्याचे शब्द असे म्हटले की माईकची गरज राहिली नाही. हातिमने ते डोळ्यांत डोळे घालून, तसूभरही मागे न सरता ऐकले आणि कबूल म्हटलं.

बायकांच्या बाजूने आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. त्या थांबायच्या आत नशवा उठून आली. तिने बापाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ आणलं आणि तशीच राहिली.

"बोला ना बाबा," ती म्हणाली. "किती वर्षांत तुमचं बोलणं जवळून ऐकलं नाहीये मी."

आणि एकवीस वर्षं ज्यांची जीभ कुणासमोर अडली नव्हती, त्या सफवतसाहेबांना एक शब्द सुचला नाही.